सारजाचा शेपटा

सारजा नवरी होऊन डाळजच्या वस्तीवर आली तेव्हा बायकांनी तिचं तोंड नंतर बघितलं, आधी केस बघितले. मुंडावळ्या सोडायला बसलेल्या दोघीतिघी त्या केसांतच अडकून पडल्या. काळेभोर, दाट आणि असे कुरळे की फणी घातली तर फणीचेच दात पडावेत. चुलत सासऱ्याची बहीण म्हाळसाआत्या, जिला तोंडावर ताबा म्हणून कधी माहीत नाही, ती पटकन म्हणाली, "आगं बया, दादासोनं मेंढीच आणली की!"

दोन पिढ्यांमागं या घराची मेंढरं घाट उतरून कोकणापर्यंत चरायला जायची. आता ऊस होता, चार म्हशी होत्या, डेअरीला दूध जात होतं. मेंढरं गेली तरी मेंढी म्हटल्यावर काय म्हटलं हे तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. सगळं घर खदाखदा हसलं आणि नुकती अठरा पुरी झालेली सारजा मान खाली घालून बोटानं जमीन उकरत बसली.

हसली नाही ती एकटी थोरली जाऊ. प्रयागबाईनं तेलाची वाटी आणि जाड दातांची लाकडी फणी आणली, सारजाच्या मागं पाय पसरून बसली आणि म्हणाली, "मेंढी तर मेंढी. हिची लोकर म्या बघंन. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

तो शब्द तिनं पाळला. दर शनिवारी दुपारी कामं उरकली की दोघी जावा ओट्यावर बसायच्या. प्रयागबाई टोकाकडून वर, बट बट सुटी करत गुंता काढायची. एकदाही हिसका नाही. सारजाच्या आईनं लहानपणी याच केसांपायी तिला कितीतरी चापट्या मारल्या होत्या. या जावेच्या हाताखाली मात्र ती बसल्या बसल्या पेंगायची. शेवटी घट्ट वेणी, वेणीचा अंबाडा, त्यावर पदर. कुरळेपणाचा मागमूस राहायचा नाही.

प्रयागबाईच्या स्वतःच्या केसांची मात्र बोंब होती. "माजी बघ, उंदराची शेपटी," ती हसत म्हणायची. म्हणून मग सारजाच्या फणीत आलेली गुंतवळ ती टाकू द्यायची नाही. कापडी पिशवीत साठवायची आणि पुरेशी झाली की त्याचं गंगावन करून आपल्या वेणीत घालायची. पंचवीसेक वर्षं लग्नाकार्यात प्रयागबाईच्या पाठीवर जी वेणी रुळली, तिच्यात अर्धी सारजा होती. सारजालाही त्याचं कौतुक होतं. कुणी "प्रयागबाईची येणी बघा" म्हटलं की ही गालातल्या गालात हसायची.

आणि अशा जावेला सारजानं एकदा नाही म्हटलं.

प्रयागबाईच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या वाऱ्या झाल्या, औषधं झाली, आणि औषधांनी ती उंदराची शेपटीसुद्धा गेली. डोक्याला रुमाल बांधून ती खाटेवर पडून असायची. एक दिवस तिची लेक स्वराली मधलं अंगण ओलांडून आली.

"काकी, आई इचारतीया, गुंतवळ साठवलीया का? गंगावन करायचंय म्हणती. रुमालालाच शिवून घीन म्हणती. आबा समोर आले की तिला लाज वाटती." आबा म्हणजे स्वरालीचे वडील, सारजाचे थोरले दीर.

आता खरं तर पिशवी तिथंच, सारजाच्या पाठीमागच्या कोनाड्यात होती. गच्च भरलेली. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात सारजा माहेरी पणदऱ्याला जाऊन आली होती आणि तिथं अंगात येणाऱ्या एका बाईनं तिला सांगितलं होतं की बाई गं, जपून. आजारी माणसाच्या डोक्यावर धडधाकट माणसाचे केस गेले की आजार केसांच्या वाटेनं माघारी येतो. तसं सारजा बारावीपर्यंत शिकलेली. शिकलेलं एका बाजूला आणि भ्यालेलं एका बाजूला. केस कुणाच्या हाती लागू द्यायचे नाहीत, केसावर करणी होते, हे तर तिनं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. जावेची गोष्ट वेगळी होती, पण आता जाऊच आजारी होती.

"आगं, कुठली गुंतवळ?" सारजा म्हणाली. "माजंच क्यास झडून चाललंत. काय राह्यलं न्हाय बघ."

हे बोलताना पदराखाली तिचा अंबाडा नारळाएवढा फुगलेला होता. स्वरालीनं एकदा त्या फुगवट्याकडं बघितलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी केसांवर भांडी देणारी बाई वस्तीवर आली. पिशवी घरात राहिली तर पुन्हा कुणीतरी मागायला येईल या धास्तीनं सारजानं ती अख्खी तिच्या हवाली केली आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला. केस परक्याच्या हाती जाऊ नयेत म्हणणारी ती हीच, हे तेव्हा तिच्या लक्षातही आलं नाही. डबा फळीवर ठेवला. त्यात काय ठेवावं हे मात्र तिला कधी सुचलं नाही, तो रिकामाच राहिला.

त्यानंतर सारजा न्हायली की अंगणात केस वाळवेना. गोठ्यामागं, कडब्याच्या गंजीआड जाऊन उभी राहायची. बाकी जावेची सेवा तिनं मन लावून केली. पेज नेली, पाय चेपले, चादरी धुतल्या. फक्त पदर कानामागं खोचून घट्ट धरायची. प्रयागबाईनं केसांचा विषय पुन्हा काढला नाही. सारजाला वाटलं, विसरली असेल. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण झाकणाऱ्याला तसं वाटत असतं खरं.

अशात श्रेयाची परीक्षा आली. श्रेया म्हणजे सारजाची लेक. बारामतीत ब्युटी पार्लरचा कोर्स करत होती. शेवटच्या प्रॅक्टिकलला तिच्या वाट्याला आला विंटेज लेअर कट, जुन्या सिनेमातल्या हिरॉइनींचा असायचा तसला, थरांथरांचा, रोलर लावून सेट केलेला. आणि त्याला डोकं पाहिजे होतं जन्मजात कुरळ्या केसांचं.

"मम्मी, तूच चल," श्रेया म्हणाली. "सगळ्या पोरी सरळ क्यास घिऊन येणारेत. तुज्यासारखं डोकं अख्ख्या बारामतीत गावायचं न्हाय."

"आन् लोकं काय म्हणतील?"

"अंबाड्यात काय कळतंय लोकांना? उलट कमी वजन, कमी दुखणं."

सारजानं आढेवेढे घेतले, पण ते वरवरचे. जन्मभर ज्या केसांपायी मेंढी म्हणून घेतलं, ते कुणाला तरी हवेहवेसे वाटत होते. मनातून ती केव्हाच बारामतीच्या एसटीत बसली होती.

परीक्षेच्या दिवशी तिला उंच खुर्चीवर बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं. श्रेयानं आधी सगळ्या केसांचा शेपटा घातला, वर आणि खाली रबर बांधलं आणि रबराच्या वर कात्री लावली. करकर आवाज होत होता. मग शेपटा सुटला आणि सारजाची मान आपोआप वर आली, इतकं हलकं झालं डोकं. "हितं ठिवू नगं तो," ती आधी हेच म्हणाली. "माज्या पिशवीत घाल." कोर्सच्या मॅडम हसल्या. सारजानं पिशवी मांडीवर घट्ट धरली.

पुढं श्रेयानं ओले केस चापांनी वर घेतले. एकेक पदर खाली सोडून कापायची, पुढं आखूड, मागं लांब, म्हणजे कुरळ्यावर कुरळा चढून डोक्याचं टोपलं होऊ नये. मग एकेक बट रोलरवर गुंडाळली, वर जाळी बांधली आणि गरम हवेच्या टोपाखाली सारजाला बसवलं. कानाशी घुर्र आवाज. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. रोलर निघाले, ब्रश फिरला, आणि आरशात एक बाई दिसली. कपाळावरून एक लाट कानाकडं वळलेली, खांद्यावर मऊ वेटोळी. सारजानं हळूच मान वळवून या बाजूनं बघितलं, मग त्या बाजूनं. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई म्हणाल्या, "नैसर्गिक आहेत? किती सुंदर!" सारजा लाजली. आयुष्यात पहिल्यांदा त्या केसांपायी ती सुखानं लाजली.

त्या सगळ्या वेळात तिला प्रयागबाईची एकदाही आठवण आली नाही. पुढं तिनं पुष्कळ आठवून बघितलं. एकदाही नाही.

बाहेर येऊन तिनं मोबाइल काढला तर दादासोचे, तिच्या नवऱ्याचे, कॉलवर कॉल येऊन गेलेले. तिनं लावला. पलीकडून तो एवढंच म्हणाला, "कुठं व्हतीस? वैनी गेली. तुज्यासाठनं थांबवलंय, बिगीनं ये."

भिगवणपर्यंतच्या एसटीत सारजा रडलीसुद्धा नाही. एकच गोष्ट तिच्या डोक्यात घुमत होती: हे डोकं घेऊन मी मयताच्या दारात जाऊ कशी? सुतकात बायका फणी लावत नाहीत, तेल लावत नाहीत. आणि ही नटून, फुलून, वासाचा फवारा मारून निघालेली. भिगवणच्या स्टँडवर उतरताच ती नळाकडं धावली आणि ओंजळीनं डोक्यावर पाणी मारायला लागली. लाट मोडली. पण मोडून काय झालं, तर शेपट्याचं वजन गेलेले ते केस पाण्यासरशी गपागप आखडून वर चढले. जेवढं पाणी मारावं तेवढी वेटोळी उठायची. श्रेया रडकुंडीला येऊन म्हणाली, "मम्मी, नगं, पाण्यानं आणखीच उठत्यात." अंबाडा बांधायला गेली तर पुढच्या आखूड बटा हातात राहीनात. शेवटी डोक्यावरून पदर घेऊन, हनुवटीखाली मुठीत धरून ती रिक्षात बसली.

अंगण माणसांनी भरलं होतं. तिरडी बांधून तयार होती. म्हाळसाआत्या दारातच ओरडली, "आली बाई एकदाची! सकाळधरनं खोळंबलोय. बोलून गेलीया ती, माजा मळवट सारजीनंच भरायचा, माज्या डोक्याला सारजीनंच हात लावायचा."

सवाष्ण गेलेली बाई. तिला नवरीसारखं सजवून धाडायची रीत. आंघोळ झाली, हिरवी साडी नेसवली, हिरव्या बांगड्या भरल्या. मग रुमाल सोडला. त्या उघड्या डोक्याकडं बघून बायकांचं रडणं एकदम थांबलं. एवढासा जीव दिसत होता. कुणीतरी हातातला गजरा तसाच धरून पुटपुटली, "ह्यो कशात माळायचा गं?"

"पदर घ्या डोक्यावरनं. झाकंल," दुसरी म्हणाली.

सारजा जावेच्या उशाशी बसली होती. पिशवी तिच्या कुशीतच होती. आपले जिवंत केस मेलेल्या माणसाबरोबर जळाले तर काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पणदऱ्याच्या बाईनं सांगितलेलं तर त्यापुढं काहीच नव्हतं. तरी तिनं पिशवीत हात घातला आणि शेपटा बाहेर काढला.

"आगं सारजे!" म्हाळसाआत्या दचकली. "जित्या माणसाचं क्यास सरणावर धाडत्यात व्हय? ठिव माघारी."

सारजानं ऐकलं नाही. रुमालाची पट्टी फाडून तिच्यावर शेपटा सुईदोऱ्यानं टाचला, ती पट्टी जावेच्या कपाळावरून मागं बांधली, शेपटा वळवून मानेवर त्याचा अंबाडा केला आणि गजरा माळला. दोन्ही हात कामात गेल्यावर पदर कोण धरणार? तो घसरला आणि कापलेली, फुललेली, वाऱ्यानं अर्धी वाळलेली सगळी वेटोळी भर घोळक्यात उघडी पडली. सारजाला वाटलं, आता धरणी पोटात घेईल तर बरं.

मग म्हाळसाआत्यानं तोंडाला पदर लावला आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. "जावंसाठनं क्यास कापलं गं माज्या बाईनं! सख्खी भन करायची न्हाय ते केलं!"

आणि बायका सारजाच्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

नाही, असं नाही, हे तिच्या ओठापर्यंत आलं. पण त्या रडारडीत कुठं सांगणार, की मी परीक्षेला बसले होते, मला सुंदर म्हणत होते? तिनं मळवट भरला. प्रयागबाईला उचललं. तो शेपटाही गेला.

पुढचे दिवस भोगण्याचेच गेले. भावकीतून, पाहुण्यांतून जो येई तो सारजापुढं हात जोडी. ज्यांनी मेंढी म्हटलं होतं त्याच बायका आता लेकीसुनांना तिच्याकडं बोट करून दाखवत होत्या. दादासोसुद्धा एकदा गोठ्यात हळूच म्हणाला, "लई मोठ्या मनाची हायस तू." त्याला तरी सांगावं, तर तो परीक्षेचं आधीपासून जाणून होता, पण त्याला वाटलं होतं, शेपटा हिनं वैनीसाठीच पिशवीत घालून आणला. श्रेया गप्प होती. गोष्ट अशी की धरली तर चावते आणि सोडली तर पळते. सारजा फळीवरच्या त्या रिकाम्या डब्याकडं बघायची आणि मान फिरवायची. तिनं मनाशी ठरवलं: दहाव्याला सांगायचं. कावळा शिवणार नाही, सगळे विचारतील काय इच्छा राहिली, तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचं.

कावळा शिवणार नाही याची तिला खात्रीच होती. उजनीच्या पाण्याच्या काठाला मासळीचा काय तोटा? तिथले कावळे माजलेले. भातापिठाच्या पिंडाला ढुंकूनही बघत नाहीत. एकेका दहाव्याला माणसं दुपारपर्यंत हात जोडून उभी राहतात, नातवंडांच्या शिक्षणापासून म्हशीच्या वैरणीपर्यंत सगळी वचनं देऊन होतात. सारजा बायकांच्या मागं उभी राहून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. भावकीतल्या पुरुषांची मुंडण केलेली डोकी उन्हात एका रांगेत दिसत होती.

पिंड ठेवला. माणसं मागं सरली. आणि कुणी हात जोडायच्या आत बाभळीवरचा एक कावळा सरळ खाली उतरला आणि पिंडाला चोच मारून गेला.

"सुटली!" माणसांत एकच कुजबुज उठली. म्हाळसाआत्या वळून सारजाला म्हणाली, "केसांचीच तेवढी आस व्हती बग तिची. तू पुरी केलीस."

सारजाचा जीव हलका झाला. आता सांगायची गरजच उरली नाही, असं तिला वाटलं. आणि तसं वाटल्याबरोबर ती अशी काही शरमली की अंबाडा दिसतो म्हणून, वेटोळी दिसली म्हणून वाटलेली लाज त्यापुढं काहीच नव्हती.

"न्हाय आत्या," ती मोठ्यानं म्हणाली. बायका थांबल्या. "म्या त्यांच्यासाठनं कापलं न्हाईत क्यास. श्रेयाच्या परीक्षेसाठनं कापलं. प्रयागआक्का जित्या असताना त्यांनी गुंतवळ मागितली व्हती. पिशवी भरलेली व्हती माज्याकडं. म्या न्हाय म्हणलं. खोटं बोलले. आन् भांडीवालीला दिऊन डबा घेतला."

म्हाळसाआत्यानं आधी पाठ फिरवली. बायका एकमेकींकडं बघत हळूहळू जेवणाच्या मांडवाकडं निघून गेल्या. एकटी स्वराली मागं राहिली. ती जवळ आली तेव्हा सारजाला वाटलं, आता ही मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला ठावं व्हतं, काकी," स्वराली म्हणाली. "आईलाबी ठावं व्हतं."

"कसं?"

"तिची खाट खिडकीला व्हती न्हवं? गोठ्यामागचं सगळं दिसायचं तिथनं. तुमी गंजीआड क्यास वाळवायच्या ते ती पडल्या पडल्या बगायची. म्या लई चिडले व्हते, भांडायलाच निघाले व्हते. तर मला म्हणली, जाऊ नगं. सारजी भ्यालीया. आन् आपल्याला कळलंय ह्ये तिला कळलं, तर लाजंनं परत याची न्हाय ती माज्याकडं."

सारजानं पदर कानामागं घट्ट खोचला.

"बगून बरं वाटायचं तिला," स्वराली पुढं म्हणाली. "फकस्त एकच म्हणायची, माज्याबिगर गुंता काढतीया कशी, कुणास ठावं."

सारजाचा हात डोक्याकडं गेला. सुतकाचे दहा दिवस फणी लागली नव्हती आणि पदराखाली सगळ्या केसांचा एकच गुंता झाला होता.